पहिल्या रांगेतली ग्लेनिस

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. सध्या कपाटामागे गुंडाळून पडलो आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही.

वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी भाषाशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. परदेशांतल्या अमेरिकी वकिलातींत कामाला निघालेली माणसे तिथे शिकत. इंग्रजी बोलणाऱ्याला कोणती भाषा किती आठवड्यांत येते, ते माझ्यावर छापले होते. पहिल्या रांगेत स्पॅनिश, चोवीस आठवडे. शेवटच्या रांगेत जपानी, अठ्ठ्याऐंशी. जपानीवाले माझ्यासमोर कॉफी पीत छाती फुगवून उभे राहत. मलाही मोठा मान वाटे.

मग ग्लेनिस हॅकेट आली. चाळिशीची, कष्टाळू बाई. तिला पेरूत नेमणूक मिळणार होती, पण स्पॅनिशची परीक्षा पास झाली तरच. चोवीस आठवडे संपले आणि ग्लेनिस नापास झाली. मुदत एकदाच वाढवून मिळाली.

"काय ग्लेनिसबाई, अजून स्पॅनिशच?" जपानीचा ड्वेन हसला. "अहो, ती तर पहिली रांग! लोकांना सुट्टीत वाळूत लोळता लोळता येते."

सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर रडली. "जपानीत आपटले असते, तर कुणी हसलं नसतं!"

मित्रांनो, मला खिळ्यासकट गळून पडावेसे वाटले. तो आकडा माझ्याच अंगावर होता ना!

तिच्या शिक्षिका ऑरेलियाबाई मागेच उभ्या होत्या. "हा कागद तुला ओळखतो का गं?"

"नाही."

"मग त्याचं काय एवढं मनाला लावून घेतेस? मला इंग्रजी यायला अकरा वर्षं लागली. चल, डोळे पूस आणि वही काढ."

एकेचाळिसाव्या आठवड्यात ग्लेनिस पास झाली. जाताना तिने माझ्यावर चोविसाशेजारी पेन्सिलीने लिहिले, '४१, ग्लेनिस'. पुढच्या वर्षी ड्वेनने शेवटच्या रांगेत गुपचूप लिहिले, '१००, ड्वेन, अजून चालू'. हळूहळू माझी सगळी कड नावांनी भरली. तेवढा आनंद मला छापखान्यातून निघतानाही झाला नव्हता.

नव्या साहेबांना मात्र ती गिचमीड दिसली. त्यांनी कोरा करकरीत तक्ता टांगला आणि माझी वळकटी झाली.

काल माझ्या जुन्या भिंतीशी एक मुलगी मुसमुसत होती. "स्पॅनिशच तर आहे!" असे म्हणत कुणीतरी हसत गेले. तेव्हापासून मी तळमळतो आहे. मित्रांनो, मला कपाटामागून काढा. त्या मुलीला माझ्यावरची पेन्सिलीची नावे वाचू द्या, आणि तिच्यासाठी थोडी जागा अजून आहे, तेही सांगा.