दिवा दिसला तरच

मिनलने डोळे तपासायच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचून दाखवली.

"झालं ना पप्पा? चला आता. उगीच सुट्टी घालवली माझी."

"मशीनची तपासणी राहिलीय," ज्ञानदेव म्हणाला.

तक्ता तिच्या आईनेही असाच वाचला होता. विजयश्रीच्या माहेरी काचबिंदू होता, म्हणून डॉक्टरांनी तिची कडेची नजर मशीनवर तपासून घेतली. सगळं चांगलं आलं. औषध काही दिलं नाही. पुढच्या वर्षी मोशीत रस्ता ओलांडताना डावीकडून टेम्पो आला आणि ती गेली. टेम्पोवाला रडत सांगत होता, बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. तेव्हा ज्ञानदेवला ते खोटं वाटलं. हल्ली मात्र ते डोक्यातून जात नव्हतं. म्हणून तो लेकीला भोसरीच्या दवाखान्यात घेऊन आला होता.

तपासणाऱ्या रश्मीने मिनलला पडद्याआड बसवून एक डोळा झाकला. "समोरच बघायचं. कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं."

"बटण दाबण्यातच जन्म चाललाय," मिनल म्हणाली. चाकणच्या कंपनीत ती आईच्याच लाइनवर होती. गाड्यांच्या वायरी जोडायच्या, आवाज झाला की बटण दाबून पुढे सरकवायच्या.

ज्ञानदेव बाहेर बाकावर बसला. आतून मशीनची बारीक टिक यायची आणि मागोमाग बटणाची खट. टिक, खट. टिक, खट. एकही चुकत नव्हती.

विजयश्री या तपासणीतून हसतच बाहेर आली होती. "एक पण सोडला नाही. लाइनवर तरी कधी सोडलाय का मी?"

ज्ञानदेव ताडकन उठला. त्याने पडदा सारला.

"थांबवा. ती आवाजावर दाबतीय."

"काका, तुम्ही बाहेर बसा."

"मिने, दिवा दिसतो म्हणून दाबतीस, का टिक वाजतं म्हणून?"

मिनल गोंधळली. "हात आपोआप जातोय, पप्पा."

रश्मीने मशीनवरचे आकडे बघितले आणि ती ओशाळली. "दिवा नव्हता, नुसती टिक होती, तेव्हाही दाबलंय. पुन्हा घेऊ. ताई, सगळे दिवे दिसत नसतातच. नाही दिसला तर गप्प राहायचं."

दुसऱ्या वेळी खट विरळ झाली. डाव्या डोळ्याच्या वेळी तर मध्ये इतका वेळ जायचा, की ज्ञानदेव मनात आकडे मोजायचा.

"डावीकडची नजर कमी व्हायला लागलीय," डॉक्टर म्हणाले. "गेलेली परत येत नाही. उरलेली राखू. खात्रीसाठी पुन्हा एकदा तपासू, पण थेंब आजपासून सुरू करा."

बाहेर पायरीवर मिनल खाली बसली.

"आईचंही हेच असणार ना?"

"असणार."

"मग तिची पुन्हा का नाही घेतली?"

"चांगलं आलं होतं ना, बाळा. पुन्हा कोण बघतंय?"

ती रडली नाही. तिने मान मागे टाकली. ज्ञानदेवने थेंबांची बाटली उघडली. पहिला थेंब गालावरून ओघळला. त्याने दुसरा घातला.