कोरडं म्हणजे कोरडं

अप्पांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत अधूनमधून हेक्झेनचा पेट्रोलसारखा वास येतो, हे थोरलीने कुणालाच सांगितलं नव्हतं. लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं, कारण या खोलीत हेक्झेनची एक बाटलीही नव्हती. ते सगळं खाली, कारखान्याच्या मोठ्या टाकीपाशी. अप्पांनी तिथे अर्धा जन्म काढला आणि मग ते इथे वर आले. त्या वाफांनी आधी त्यांच्या पायांना मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाले, मग माणूस अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. आता टाकीपाशी धाकटा उभा असायचा, आणि महिनाभर त्याच्याही पायांना मुंग्या येत होत्या. "बसून बसून येतात गं ताई," म्हणे. हा पठ्ठ्या दिवसभर बसतो कधी?

म्हणून तिने हेक्झेनऐवजी दुसरा द्रव तयार केला: एक निरुपद्रवी क्षार आणि ग्लिसरीन एकत्र तापवून केलेला, पाकासारखा दाट, ना वास ना वाफ. अत्तराचा अर्क बनवणारे एन्झाइमचे पांढरे दाणे त्यात काम करायला हवे होते. अकरा वेळा करून पाहिलं, अकराही वेळा पाटी कोरी. साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, "आज दोनपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर मी वर्षभराचं हेक्झेन मागवतो."

दर वेळी ती द्रवातलं पाणी ओव्हनमध्ये पार उडवून त्याला सुकवून घ्यायची. ओव्हनच्या दारावर अप्पांच्या अक्षरातली पट्टी अजून होती: कोरडं म्हणजे कोरडं. थेंबभर पाणी शिरलं की मुसळ केरात, हे त्यांनी तिला कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं.

त्या सकाळी दाणे तळाशी निपचित पडलेले पाहून तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एन्झाइमला हलायला थोडं तरी पाणी लागतंच. हेक्झेन पाण्याला जवळ करत नाही, म्हणून दाण्यांतलं पाणी दाण्यांतच राहायचं. हा नवा द्रव मात्र तहानलेला. आपण त्याला सुकवत होतो आणि तो दाण्यांतलं पाणी पिऊन टाकत होता.

तिने पाण्याचा ड्रॉपर उचलला, तोच वास नाकात शिरला. मानेमागे कुणीतरी श्वास घेतला. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला.

"अप्पा, आजवर तुमचंच ऐकलं," ती मोठ्याने म्हणाली. "आता तुमच्या पोराकडे बघा जरा." आणि तिने पाणी सोडलं. वास काही गेला नाही.

दीड वाजता यंत्राने आकडा दिला: ब्याण्णव टक्के अर्क तयार. साहेबांनी तिच्यासमोरच हेक्झेनची मागणी रद्द केली. तिने फोन करून धाकट्याला वर बोलावलं.

खाली बूट काढून, लॅबच्या सपाता चढवून, कठड्याला धरत तो आला. तोंडभर हसत होता.

"ताई, बाजी मारलीस! मग टाकी उद्यापासून बंद ना?"

"बंद," ती म्हणाली, आणि तिची नजर खाली गेली. त्याच्या डाव्या पायात सपात नव्हती. ती मागे जिन्यातच पडली होती.

"फरशी गार लागत नाही का रे पायाला?"

"कुठल्या पायाला?" धाकट्याने विचारलं.