फोटोच्या पाठचं शब्दकोडं

नवरा गेला की बाईनं रडावं, ही काही अवाच्या सवा मागणी नाही. मलाही कबूल आहे. पण रडू येतच नव्हतं, त्याला मी काय करू? ओग्वेनो वर्गात फळ्यासमोर कोसळला, त्याला दोन आठवडे होऊन गेले होते. किसुमू शहरातल्या शवागारात तो आणि बाहेरच्या बाकावर मी, दोघंही सारखेच गार. लोक यायचे, हात हातात घ्यायचे, हुंदके द्यायचे, आणि मी त्यांना विचारायचे, चहात साखर किती.

आता आम्ही गावी, आसेंबोला आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याला आणणार होते. अंगणात मांडव उभा राहत होता, भाड्याच्या खुर्च्या उतरत होत्या, पातेली घासली जात होती. शवपेटी घरासमोर ठेवतात आणि उशाशी बायको बसते, ही आमच्याकडची रीत. ती जागा माझी. आणि तीच माझी नणंद डॉर्कस मला द्यायला तयार नव्हती.

"न रडलेली बाई माझ्या भावाच्या उशाशी बसणार नाही," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "लोक काय म्हणतील? म्हणतील, हिनंच खाल्ला त्याला."

"वन्सं, रडू काय नळाला येतं?" मी म्हटलं.

"बघा! तोंड कसं चालतंय बघा! डोळे तेवढे कोरडे."

मला राग यायला हवा होता. तोही आला नाही. एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं की उशाशी मीच बसणार. बाकी काही नको होतं मला, पण तिथून कुणी उठवलं असतं तर मी कुठे गेले असते?

त्या सकाळी डॉर्कसनं बोंडोच्या बाजारातून पेपर आणला. त्यात ओग्वेनोच्या निधनाची जाहिरात होती, चांगला पाव पानाचा फोटो, टाय लावलेला. पेपर माझ्या मांडीवर टाकून ती म्हणाली, "घे, बघ डोळे भरून." कशाच्या आशेनं म्हणाली ते कळत होतं. मी बघितलं. टाय वाकडा होता. मग पान उलटलं, आणि मागे शब्दकोडं होतं.

आता हे कुणाला सांगून पटायचं नाही, पण दोन आठवड्यांत पहिल्यांदा माझं डोकं चाललं. कोडं तुम्हाला कसं वाटतंय असं विचारत नाही. सहा चौकोन असले की सहा अक्षरं मागतं, दिलीत की गप्प बसतं. कधी कधी एखादा शब्द असा हटून बसतो की संध्याकाळभर छळतो, आणि सकाळी तोंड धुताना आपला आपण येऊन उभा राहतो. त्या वेळी जो आनंद होतो ना, तो मला पगाराच्या दिवशीही कधी झाला नाही. त्या दिवशी आनंद वगैरे काही झाला नाही. हात चालत होता, एवढंच. पर्समधलं बॉलपेन काढलं आणि मी लिहीत सुटले.

थोड्या वेळानं डॉर्कस ब्लेड घेऊन आली. फोटो कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून फाटकाला लावायचा होता. तिनं पान उजेडात धरलं आणि किंचाळली. मी दाबून लिहिते, ही माझी जुनी सवय. अख्ख्या चेहऱ्यावर अक्षरांचे वळ उमटले होते. कपाळावर, गालावर. कानापाशी तर कागद फाटलाच होता.

"माझ्या भावाच्या तोंडावर कोडं सोडवलंस? अगं, बाई आहेस का कोण आहेस तू?"

पातेली सोडून बायका धावल्या. कुणी तोंडावर हात ठेवला, कुणी माझ्याकडे बघायचंच टाळलं. मी सांगायला गेले की चुकून झालं, फोटो मागे आहे हे लिहिताना विसरलेच. पण नवऱ्याचा चेहरा विसरले, हे तरी कुठल्या तोंडानं सांगणार? डॉर्कस म्हणाली, "चल आईकडे. ती सांगेल कुणी कुठे बसायचं ते."

सासूबाई आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या. रडून रडून त्यांचा आवाज पार बसला होता. डॉर्कसनं सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून. सासूबाईंनी फोटोवरून बोट फिरवलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग म्हणाल्या, "डॉर्कस, तू बाहेर जा. दार लावून घे."

दार लागलं. त्यांनी पान उलटं केलं.

"न्यार गेम," त्या म्हणाल्या. माझं माहेर गेम भागातलं, म्हणून सासरी मी न्यार गेम, गेमची लेक. "हे अर्धंच का टाकलंस?"

त्यांना वाचता येत नाही, पण रिकामे चौकोन तर कुणालाही दिसतात.

"उरलेले त्याचे आहेत, आई. रोज संध्याकाळी एकच पेपर, दोघांत. उभे शब्द माझे, आडवे त्याचे. मी माझे लिहिले." हे बोलेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं की मी त्याचे सोडून दिलेत.

"त्याला यायचे?"

"कसले येतात! पण ऐट बघा. शाईनं लिहायचा. एक चुकला की माझे तीन बिघडायचे. अडला की पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन शब्दकोश बघून यायचा, वर मिशीतल्या मिशीत हसायचा."

"वाच त्याचा एक," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला आता?"

"वाच म्हणते ना."

मी वाचला, आमच्या भाषेत सांगितला. "गोड्या पाण्यातला मासा. चार चौकोन."

"म्बुता," त्या ताबडतोब म्हणाल्या. सरोवराकाठी जन्म गेलेला त्यांचा.

"नाही हो आई. इंग्रजी नाव लागतं."

"मासा आमच्या पाण्यातला आणि नाव साहेबाचं? लिही म्बुता."

"इंग्रजी अक्षरांत त्याला पाच चौकोन लागतात. इथे चारच आहेत."

"बसव."

मी चमकून वर बघितलं. तो अगदी अस्साच म्हणायचा. हाच आवाज, हीच मान वर करून, चूक कळत असताना. बसव.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"तो पण असंच म्हणायचा."

त्यांनी पान आमच्या दोघींच्या मध्ये सरकवलं. "मग तू काय करायचीस?"

"भांडायचे."

"मग भांड की," त्या म्हणाल्या आणि चौकोनांवर बोट आपटलं. "बसव म्हणते ना! म्बुताच आहे तो."

"कसा बसवू? मोजा ना तुम्हीच!"

"दोन अक्षरं एकात घाल."

"असं चालत नाही!" माझा आवाज चढला. "तुमचं नेहमीचंच आहे हे! नियम नाही, काही नाही, आपलंच खरं! माझं सगळं बिघडवून ठेवायचं आणि उठून जायचं! मी काय करू आता? मी कुठे बसवू हे?"

"बसव," त्या म्हणाल्या. बसलेल्या आवाजातनं जेमतेम ऐकू आलं.

"बसत नाहीये!" मी ओरडले, अख्ख्या घरात घुमेल असं. "बसत नाहीये रे, ओग्वेनो! एक चौकोन कमी पडतोय, ओग्वेनो!"

बाहेर पातेल्यांचा आवाज थांबला. मग एका बाईनं गळा काढला, तिच्यामागून दुसरीनं, आणि बघता बघता सगळं अंगण त्याच्या नावानं रडायला लागलं. सगळ्यांत मोठा आवाज डॉर्कसचा होता. सासूबाईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि माझं डोकं आपल्या मांडीवर ओढलं.