पालखीचा पहिला खांदा

टाकवे बुद्रुकच्या कोंडाजीला रेल्वेची पेन्शन मिळते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मिळत नाही, हे फक्त त्याच्या बायकोला, धोंडाबाईला ठाऊक होतं.

कोंडाजी खंडाळ्याच्या घाटात रुळांची देखभाल करणारा गँगमन होता. गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा द्यायचा मान त्याच्या घराचा. एका वर्षी मुकादमाने जत्रेला सुट्टी नाकारली, तसा या बहाद्दराने हातोडा टाकला, राजीनामा दिला आणि पालखीला हजर! वीस वर्षं भरून रीतसर स्वेच्छानिवृत्ती घेतली असती तर पेन्शन लागली असती. राजीनाम्याने तिच्यावर पाणी पडलं, हे त्याला मागून कळलं. पण गावाला सांगायचं कोणत्या तोंडाने? तेव्हापासून तो खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचा आणि वर म्हणायचा, "पेन्शन पुरून उरती, पन बसून अंगाला गंज चढतो." धोंडाबाई मान डोलवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या रविवारी मुलगी सारिका आणि जावई निलेश जेवायला आले. निलेश कान्हे स्टेशनाला रुळांवरच कामाला, जुन्या पेन्शनीच्या शेवटच्या भरतीतला. जत्रेत सासऱ्याच्या जोडीने तोही पालखीला खांदा द्यायचा. त्याची वीस वर्षं पुढच्या साली भरणार होती. भावाबरोबर पवना धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबूंचा धंदा टाकायचाय, उद्याच राजीनामा देतो, असं तो रस्सा ओरपत म्हणाला.

"आवं, वरीसभर दम धरा की," धोंडाबाई म्हणाली.

"भाऊ थांबत न्हाई, मामी. आन् मामांनी तरी कुटं वीस भरली? पेन्शन चालूच हाय की!"

सारिका कौतुकाने बापाकडे बघत होती. कोंडाजी ताटात बघत होता. धोंडाबाईला नवऱ्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. पोरीच्या म्हातारपणाचा आधार डोळ्यांदेखत चालला होता आणि हा भाकरी कुस्करत बसला होता.

"पाव्हणं," ती म्हणाली, "तुमच्या मामांना छदाम पेन्शन न्हाई."

आता नवरा ताट भिरकावणार, म्हणून तिने डोळे मिटले. ताट जागेवरच राहिलं.

"खरं हाय," कोंडाजी म्हणाला. "राजीनाम्यानं गेली ती. बंगल्यावर गवत काढतो ते काय हौसेनं न्हाई. पोटासाठी काढतो."

सारिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. निलेशने रश्श्याची वाटी खाली ठेवली. तो म्हणाला, "भावाला वरीसभर एकट्यालाच बगायला सांगतो."

निघताना कोंडाजी त्याला अंगणापर्यंत सोडायला गेला. "यंदा जत्रंला सुट्टी न्हाई मिळाली तर येऊ नगंस. पालखी माज्यावाचून बी उचलली असती, तुज्यावाचून बी उचलतील."

धोंडाबाईने दारातून ते ऐकलं. राजीनामा देऊन तो घरी आला होता, तेव्हा याच दारात तिने अभिमानाने त्याला ओवाळलं होतं.