कागदावरचा वेस्ली

अमेरिकेतल्या जॉप्लिन गावी, कंपनीच्या आवारात आणून टाकलेल्या चेपलेल्या ट्रकच्या केबिनमधून निघालेलं सामान असं: उशी एक, ब्लँकेट एक, टूथब्रश एक, बुटांचा जोड एक, एनर्जी ड्रिंकचे रिकामे कॅन अकरा.

व्हर्लीनने यादी दोनदा तपासली. त्या वाहतूक कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावण्याचं काम ती करत असे. नोंदीप्रमाणे चार दिवसांच्या या फेरीत ट्रकमध्ये ड्रायव्हर दोन होते, हॉलिस आणि वेस्ली.

अकरा तास गाडी चालवली की ड्रायव्हरने दहा तास विश्रांती घ्यायची, हा कायदा. ट्रकमधलं यंत्र तास मोजतं. म्हणून या कंपनीने एक थोर शोध लावला होता. हॉलिसचे तास संपले की ऑफिसातून फोन जायचा, "वेस्ली चढव." हॉलिस यंत्रात वेस्लीचं नाव टाकायचा आणि तोच पुढे गाडी हाकायचा. खरा वेस्ली तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन तळ्याकाठी मासे धरत बसला होता. या चलाखीवर सगळं ऑफिस खिदळत असे. व्हर्लीनसुद्धा.

मंगळवारी रात्री तो ट्रक रस्त्याच्या कामापाशी थांबलेल्या एका मोटारीवर आदळला. हॉलिस खरचटण्यावर सुटला. मोटारीतल्या शिक्षिका नेडा ऑलब्राइट यांचा डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. त्यांनी दावा लावला.

कंपनीचा मालक बॉइड व्हर्लीनकडे प्रतिज्ञापत्र घेऊन आला. सोबत कंपनीच्याच वकील, आर्डिथ कॉइल होत्या.

"सही कर गं. वेस्ली गाडीत होता, एवढंच लिहिलंय. त्याच्याशी बोललोय मी, तो हो म्हणतो."

"आणि त्या बाईंचं काय?"

"अचानक ब्रेक मारला तिने! दोष तिचाच ठरेल. सगळेच करतात गं हे. नियम करणाऱ्यांनी कधी ट्रक हाकलाय?"

आर्डिथबाईंनी यादी उचलली. "दोन माणसं चार दिवस एका टूथब्रशवर होती म्हणायची?"

"तुम्ही आमच्या वकील ना?"

"वकील आहे, बॉइड. खोटं बोलण्यातली भागीदार नव्हे. तुमची बाजू मी मांडेन, जी खरी असेल ती. हा कागद कोर्टात माझ्या हातून जाणार नाही." मग त्या व्हर्लीनकडे वळल्या. "झोप नावावर चढवता येत नाही, बाई. ती माणसालाच घ्यावी लागते. त्या रात्री फोन कुणी केला होता?"

फोन व्हर्लीननेच केला होता. हॉलिस म्हणाला होता, "डोळे मिटतायत गं." आणि ती हसून म्हणाली होती, "मग वेस्लीला उठव!"

काय ही विनोदबुद्धी! केवढी ही लाचारी!

"मी केला," ती म्हणाली. "आणि हेच मी कोर्टात सांगणार. खऱ्या फेऱ्यांची माझी वहीही देते."

"नोकरी जाईल तुझी!" बॉइड ओरडला.

"जाऊ दे. निदान दुसऱ्याचा पाय जाणार नाही."

वाचकहो, नियमाला फसवणाऱ्याला आपण हुशार म्हणतो आणि त्याच्या विनोदावर हसतो. त्या हसण्यात आपलीही सही असते. रस्त्यावरचा नियम समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो, हे ज्याला कळत नाही, तो हुशार नव्हे, भेकड आहे.

पुढच्या महिन्यात कोर्टासमोर व्हर्लीनची वही आणि ट्रकचं यंत्र शेजारी ठेवून तपासलं गेलं. हॉलिस एकटा स्टिअरिंगवर: सतरा तास चाळीस मिनिटं. धडकेआधीच्या पाच सेकंदांत वेग: ताशी सदुसष्ट मैल. ब्रेकवरचा दाब: शून्य.