लाल पट्टी

पहिल्या बोल्टला बांधलेली लाल पट्टी दीड वर्षाच्या उन्हापावसात पार गुलाबी पडली होती, तरी ऋतिकाला ती लांबूनच दिसली. आणि पट्टीखाली कंबरेला दोर बांधत उभी असलेली तेजलही दिसली. सकाळी सकाळी तोंड कडू व्हायला एवढं पुरे होतं.

बदलापूरच्या मागच्या डोंगरातल्या या कातळावर चढणाऱ्या मंडळींची एक रीत होती. ज्याने नवी वाट शोधली, माती उकरून साफ केली, दोर अडकवायला बोल्ट ठोकले, त्याने पहिल्या बोल्टला लाल पट्टी बांधायची. पट्टीवाल्या वाटेला त्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि जमिनीपासून एकाच खेपेत, एकदाही न पडता जो ती वाट पहिल्यांदा पुरी करील, त्याने पट्टी सोडायची आणि वाटेचं नाव ठेवायचं. एकदा पडलेलं नाव मग कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

ही पट्टी ऋतिकाची होती. उल्हासनगरहून दर रविवारी येऊन, जुन्या टूथब्रशने एकेक खाच घासून तिने ही वाट उभी केली होती. फक्त शेवटचं चढणं राहिलं होतं, आणि तेवढ्यात दिवस गेले. नाव मात्र तिने केव्हाच ठरवून ठेवलं होतं: कॅम्प पाच. उल्हासनगरातली ती वस्ती, तिचं घर तिथलंच. उल्हासनगर म्हटलं की तिथला नकली माल आठवून पुण्यामुंबईचे चढाईवाले हसायचे, ‘तिथे ओरिजिनल काय मिळतं?’ म्हणून विचारायचे. त्यांना या कड्याखाली उभं राहून, मान वर करून ‘कॅम्प पाच’ म्हणायला लावायचं होतं तिला. हे नाव तिने नवऱ्याला, विनीतलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पोरीचं नाव ठेवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. बारशाला माधवी वन्सं पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि विनीतच्या आजीचं नाव, अंजनी, जाहीर करून मोकळ्या झाल्या. नऊ महिने वागवलं हिने आणि नाव ठेवलं आत्याने. ऋतिका हसून पेढा खाऊन बसली. कड्याला आत्या नसते, एवढंच तिचं समाधान होतं.

आणि गेल्या आठवड्यात तेजलचा फोन आला.

“ताई, तुझी पट्टीवाली लाईन ट्राय करू का? कमळाकरदादा बोलले, तुला विचारून बघ.”

“अगं कर ना बिनधास्त! कडा काय माझ्या बापाचा आहे?”

असं म्हणणारी जीभ तिने आठवडाभर मनातल्या मनात दातांखाली चावली. ही तेजल बदलापुरातल्या मांजर्लीची. दोराची पहिली गाठ तिला ऋतिकानेच शिकवलेली. आता तिचे हात लांब, पोट सपाट, झोप पुरी झालेली. ऋतिकाला तिचा हेवा वाटत होता, आणि तो नुसता वाटत नव्हता, तर घशाशी येत होता. धीर एकाच गोष्टीचा होता. कड्याच्या सर्वांत अवघड जागी, डाव्या हाताला एका कंगोऱ्यामागे, दोन बोटं जातील एवढी एक खाच होती. खालून ती दिसत नाही, वरून दिसत नाही. ती माहीत असलेली जगात एकच बाई होती.

“पोराला कड्यापासून लांब ठेवा, दगड सुटतात,” कमळाकरदादांनी आल्या आल्या बजावलं. ग्रुपमध्ये तेच सगळ्यांत मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. विनीतने दूरच्या झाडाला साडीची झोळी बांधली आणि अंजनीला त्यात घातलं. गालावर सासूबाईंनी लावलेली तीट, डोक्याला टोपडं. विनीत डोंगराला खालूनच नमस्कार करणारा माणूस. बायकोला बरं वाटावं म्हणून पोर सांभाळायला आला होता. कमळाकरदादा शेजारच्या वाटेवर नव्या पोरांचा दोर धरून उभे राहिले. म्हणजे तेजलचा दोर धरायला उरली कोण? ऋतिका.

“ताई, तू दोरावर असलीस की मला टेन्शन नाही,” तेजल म्हणाली. ऋतिकाला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. तिने तेजलची गाठ तपासली, आपल्या कंबरेचा हार्नेस तपासला. “चढ,” म्हणाली.

पहिल्या खेपेला तेजल अवघड जागी पोचली, उजवीकडे चाचपली आणि पडली. दोर ताणला, ऋतिका जमिनीवरून हातभर उचलली गेली, पण दोर तिने चोख धरला. दोराशी बेइमानी तिच्या रक्तात नव्हती. आनंद मात्र एवढा झाला की तो लपवायला तिला बुटाची नाडी बांधायला खाली वाकावं लागलं.

खाली येऊन, जरा दम खाऊन तेजल पुन्हा जमिनीपासून निघाली. या वेळी ती अवघड जागेखालच्या पायरीवर थांबली आणि हातांना खडूची पूड लावत ओरडली, “ताई, इथे काही आहे का गं?”

“बघ ना तूच!”

आणि तेवढ्यात झोळीतून अंजनीने टाहो फोडला. विनीतने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, खुळखुळा दाखवला. पोरगी लालबुंद झाली. बाटली ती तोंडात धरत नसे.

“अगं, भूक लागलीय तिला,” विनीत लांबूनच ओरडला.

“मग काय करू? दोर सोडू?”

पोरीच्या रडण्याने ऋतिकाला पान्हा फुटला. टी-शर्ट पुढून भिजला. हातात दोर, छातीत कळ, आणि वरून तेजलचा गोड आवाज.

“ताई, बाळ रडतंय. मी खाली येऊ का? राहू दे, पुन्हा कधी करू.”

एक शब्द पुरे होता. ये म्हटलं असतं तर वाट वाचली असती, पट्टी राहिली असती, आणि कुणी ब्र काढला नसता. उलट सगळे हळहळले असते. ‘बाळ आहे ना, चालायचंच.’ ऋतिकाच्या डोक्यात हेच वाक्य घण घातल्यासारखं वाजलं. आठ महिने तिने हेच ऐकलं होतं. बाळ आहे ना, आता कशाला डोंगर. बाळ आहे ना, तू खालीच बस. आणि आता ही कालची पोर तिच्यावर दया करणार! हेवा परवडला, दया नको.

“उतरायचं नाही!” ती किंचाळली. “डावा हात वर! कानाच्या उंचीला! तो कंगोरा दिसतो ना, त्याच्या मागे. दोन बोटं घाल!”

तेजलने डावा हात घातला. तिची बोटं आत रुतलेली ऋतिकाला खालून दिसली, आणि स्वतःच्याच अंगात कुणी हात घातल्यासारखं झालं. मग तेजल सरसर गेली. वाट संपते तिथल्या साखळीला दोर अडकवून तिने आरोळी ठोकली. शेजारच्या वाटेवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

ऋतिकाने तिला हळूहळू, रीतसर खाली सोडलं. पहिल्या बोल्टपाशी थांबून तेजलने पट्टी सोडली. तिचे पाय जमिनीला लागताच ऋतिका दोरातून मोकळी झाली आणि धावत झाडाखाली गेली. ओढणी घेतली, पोरीला छातीशी लावलं. रडणं थांबलं. सगळे तिच्याभोवती जमले.

“मग, नाव काय ठेवतेस?” कमळाकरदादांनी तेजलला विचारलं.

तेजलने ऋतिकाकडे बघितलं. तेवढ्या क्षणात ऋतिकाला वाटून गेलं, ही विचारील. विचारलं तर सांगून टाकू.

“अंजनी!” तेजल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “ताईने एवढं केलं. बाळ रडत होतं तरी मला त्या खाचेचा होल्ड सांगितला. नाव बाळाचंच पाहिजे.”

टाळ्या पडल्या. विनीत तर हरखूनच गेला; आधी आईला आणि मग माधवीला फोन लावायला निघाला. कमळाकरदादांनी पोरीच्या टोपड्यावरून हात फिरवला. “आठ महिन्यांची पोर आणि कड्यावर नाव! नशीब लागतं.”

“खरंच,” ऋतिका म्हणाली. इतका वेळ तिला तेजलचा हेवा वाटत होता. तो आता कुठे गेला ते तिला चांगलंच कळत होतं. तो तिच्या मांडीवर पडून, डोळे मिटून चुकुचुकु दूध पीत होता.

तेजलने वाकून ती विटकी पट्टी अंजनीच्या हातात दिली. “घे अंजू, तुझी.” पोरीने मूठ आवळली, दूध सोडलं आणि पट्टी तोंडाकडे न्यायला लागली. ऋतिकाने पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं. पोरीने सोडलं नाही. ऋतिकाने जरा जास्तच जोरात ओढलं. अंजनी दचकली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

“अगं, असू दे ना तिला,” विनीत फोन कानाला लावूनच हसला. “नुसती पट्टी तर आहे.”

“माझी आहे ती,” ऋतिका म्हणाली.

सगळे खो खो हसले. ऋतिकाने एकेक करून पोरीची बोटं सोडवली, पट्टीची घडी केली आणि खिशात ठेवून वरून चेन ओढली.