दोनच टोले

घंटेचा नाद कानी पडला की नलिनीचा उजवा हात आपोआप छातीशी जाई आणि पापण्या मिटत. मग ती घंटा देवळातली असो, शाळा सुटल्याची असो, नाहीतर कुल्फीच्या गाडीची. त्या क्षणी माझ्या पत्नीच्या मुद्रेवर जी निश्चल आभा पसरे, ती संथ डोहावर उतरलेल्या उन्हासारखी होती, नुसत्या स्पर्शाने मोडेल अशी. म्हणून त्या वेळी मी तिच्याशी कधी बोललो नाही. आता आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला मुलाच्या घरी, ऑक्टोबरातल्या लवकर विझणाऱ्या दिवसाच्या काठावर बसलेला असताना गावातल्या चर्चची घंटा सहाला वाजते: तीन टोले, मग दीर्घ विराम, पुन्हा तीन. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असते.

तिच्याविषयी या घरात जे सांगितले जाते, त्यातले पुष्कळसे मला मान्य नाही. आयुष्यभर न्यायालयात मी परक्यांच्या साक्षी पारखून घेतल्या; स्वतःच्या पत्नीविषयीची ढिली साक्ष मुकाट्याने ऐकून घेणे मला जमणार नाही. मुलगा मिलिंद इथल्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात अभियंता आहे. इकडे येण्यापूर्वी तो कोरियातल्या सुवॉन शहरी होता आणि एका शरदात आम्ही दोघे त्याच्याकडे राहून आलो. परवाच्या रविवारी त्याचा नागपूरकर सहकारी निनाद चहाला आला. तो आता त्याच शहरी निघाला आहे, आईवडिलांनाही बोलावून घेणार आहे. तिथे काय पाहावे, काय खावे, काय घ्यावे, असे त्याने विचारले, आणि मिलिंद सहल कंपनीच्या माणसासारखा सुरू झाला.

"किल्ल्याची भिंत अर्ध्या दिवसात होते. बाजार दरवाज्याला लागूनच आहे. खाण्याचं मात्र बघ. ते गाव भाजलेल्या बरगड्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या आईने तर चिवड्यावर दिवस काढले."

"साफ खोटं," मी म्हणालो.

"झालं बाबांचं सुरू!"

"ग्रँड! काका, मग तुम्हीच सांगा," निनाद इथल्या लोकांच्या ढंगात हसत म्हणाला.

मी सांगितले. बैठ्या मेजावर जेवायला बसवणाऱ्या त्या खाणावळीत चिमुकल्या वाट्यांचा मेळा तिच्यापुढे मांडला गेला, तेव्हा ती क्षणभर नववधूसारखी बावरली. मग तिने आपल्या ताटाच्या रीतीने एकेक वाटी हलवायला घेतली. मुळ्याचे लोणचे डावीकडे, तिळाच्या तेलातला पालक उजवीकडे, मोड आलेली कडधान्ये त्याच्या खाली, आणि मासळीचा वास येणारी कोबी माझ्यापुढे. खाणावळीची म्हातारी मालकीण कमरेवर हात ठेवून हे पाहत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर तिने वाट्या त्याच क्रमाने मांडून आणल्या. दोन स्त्रिया, एकीची भाषा दुसरीला अगम्य. आणि त्यांच्यामध्ये वाफाळता भात, एखाद्या जुन्या ओळखीसारखा. नलिनी पोटभर जेवली. चिवडा मिलिंदने खाल्ला.

भिंत अर्ध्या दिवसात होते, म्हणे! वडिलांच्या समाधीजवळ राहता यावे म्हणून एका राजाने वसवलेले ते नगर. त्याची तटबंदी टेकडीवरून अशी उतरते, जणू थकलेल्या गायीने मान खाली घालावी. सात कमानींखालून ओढा वाहतो. तिथे ती पाण्याच्या तुषारांत हात धरून इतकी स्वस्थ उभी राहिली, की पिवळी पाने तिच्या शालीवर उतरून विसावली. दरवाज्याजवळच्या बाजारात रेशमी कापडांच्या दुकानांत तिने प्रत्येक तागा उलटा करून त्याची पाठ पाहिली, चिमटीत धरून पोत जोखला, आणि शेवटी कोवळ्या पिस्त्याच्या रंगाचा एक तुकडा घेतला. त्या रंगापुढे ती घासाघीस करायलाही विसरली.

"आणि ती मोठी घंटा," मिलिंद निनादला म्हणाला, "ती चुकवू नकोस. टेकडीवर आहे. पाहुण्यांना वाजवू देतात, तीन टोले. पहिला आईवडिलांच्या उपकारासाठी, दुसरा घरच्यांच्या सुखासाठी, तिसरा स्वतःच्या इच्छेसाठी. आईने वाजवली होती."

"दोन," मी म्हणालो.

"तीन, बाबा. मी आणि केतकी तिथे उभे होतो. तुम्ही गुडघे दुखतात म्हणून खाली बसला होतात."

"खाली बसलो होतो, बहिरा झालो नव्हतो. दोनच टोले आले. तिने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही."

केतकी, माझी सून, कपबश्या गोळा करता करता थांबली. "आईंनी तिसरा दिला, बाबा. आणि डोळे मिटून इतका वेळ उभ्या राहिल्या, की मागची रांग खोळंबली."

आता या भांडणात काय पणाला लागले आहे, ते सांगतो. तिथून परतल्यावर, संक्रांत उलटून गेली तेव्हा पुण्यात तिने छातीतल्या गाठीविषयी मला प्रथम सांगितले. तिसरा टोला जर पडला असेल, तर त्या टेकडीवर तिला ते ठाऊक होते. तर ओढ्याकाठचे तिचे ते स्वस्थपण, त्या वाट्या, ते हसणे, सगळ्याखाली ती एकटीच एक काळोख वाहत होती आणि तिने आयुष्य मागितले होते. टोले दोनच असतील, तर तो शरद निखळ सुखाचा होता, आणि तो माझा आहे.

म्हणून मी पुरावा मांडला. "आपलं भरत आलंय हे जिला कळलंय, ती पुढच्या दिवाळीला शिवायचं म्हणून रेशीम घेते का?"

निनादने नजर कपात वळवली. केतकी माझ्याजवळ येऊन खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, ते कापड आईंनी माझ्या खांद्याला लावून मापून घेतलं होतं. त्यांच्या मापाचं नव्हतंच ते."

"तेवढ्याने काही सिद्ध होत नाही," मी म्हणालो. माझा आवाज न्यायालयात चढत असे तसाच चढला; फक्त तो कुणाला उद्देशून होता, ते मला समजले नाही.

निनाद गेला. बाहेर ओल्या छपरांवर उजेडाची शेवटची कड विरत होती. सहा वाजले. चर्चची घंटा वाजू लागली, तसा मी उठलो. पहिला टोला झाला. दुसरा झाला. मी खिडकी लावून घेतली.

रोज तसेच करतो. काळाने तिला नेले, त्याविरुद्ध दाद मागायला जागा नाही. परंतु जोवर तिसरा टोला माझ्या कानी पडत नाही, तोवर कुठेतरी एक शरद अजून मावळायचा आहे, आणि पिस्त्याच्या रंगाचे रेशीम मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्याकडे, टेकडीच्या पायऱ्यांवरून, ती हसत उतरते आहे.